ठळक अक्षरातला थकवा

आमच्याकडे बाईचा थकवा तोंडी चालत नाही, लेखी लागतो. "हल्ली फार दमायला होतं," असं वहिनी कित्येक वर्षं सांगत होत्या आणि घरातला प्रत्येक जण आपापल्या मगदुराप्रमाणे उत्तर देत होता. लवकर झोप, मोबाईल कमी बघ, गूळ-शेंगदाणे खा, प्राणायाम कर. शेवटी एकदा रक्त तपासलं आणि टीएसएच आला १८. तोही ठळक अक्षरात, शेजारी वर जाणारा बाण. त्या रात्री आमचा भाऊ जेवण झाल्यावर आपलं ताट स्वतः उचलून सिंकपर्यंत घेऊन गेला. इतक्या वर्षांच्या बोलण्याने जे झालं नाही ते त्या बाणाने केलं.

गंमत म्हणजे ज्या आकड्याने ही क्रांती घडवली, तो थायरॉईडमधून येतच नाही. तो येतो मेंदूच्या तळाशी बसलेल्या पियूष ग्रंथीकडून. आमच्या सोसायटीतले सेक्रेटरी जसे स्वतः पंप चालवत नाहीत, फक्त बोर्डावर नोटीस लावतात, तसं तिचं काम. पंप म्हणजे गळ्यातली थायरॉईड, टाकीतलं पाणी म्हणजे टी-फोर आणि टी-थ्री ही संप्रेरकं, आणि टीएसएच म्हणजे नोटीस. टाकी भरलेली असेल तर बोर्डावर एखादीच चिठ्ठी असते. पाणी जरा खाली गेलं की सेक्रेटरींचा तोल सुटतो. टी-फोर थोडा घटला तरी टीएसएच कितीतरी पटींनी चढतो, म्हणून तर डॉक्टर पहिल्यांदा तोच बघतात. आकडा वाढला म्हणजे ग्रंथी जास्त काम करते, असं बायका एकमेकींना सांगतात. खरं तर काम कमी होतंय म्हणून ओरडा वाढलेला असतो. उलट पंप बंदच होत नसेल, पाणी गच्चीवरून वाहत असेल, तर बोर्ड कोरा राहतो. टीएसएच ०.०१ आला म्हणून पेढे वाटू नयेत. अशा बाईची छाती धडधडत असते, हात थरथरत असतात, आणि वजन उतरतंय म्हणून भिशीत तिचं कौतुक चाललेलं असतं. क्वचित सेक्रेटरीच आजारी पडतात. टाकी रिकामी आणि नोटीसही नाही, असा प्रकार होतो. म्हणून शंका आली की डॉक्टर फ्री टी-फोरही लिहून देतात.

टी-फोरची गोळी सुरू झाल्यावर दहाव्या दिवशी पुन्हा रक्त देऊन येणाऱ्या उत्साही मंडळींनीही या सेक्रेटरींचा स्वभाव समजून घ्यावा. टी-फोर शरीरात सावकाश साठतो आणि सावकाश उतरतो. आज असलेल्यातला निम्मा संपायलाच साधारण आठवडा लागतो. पाण्याची पातळी स्थिरावणार, मग सेक्रेटरींची खात्री पटणार, मग नोटिसा उतरणार. याला सहा ते आठ आठवडे जातात. तोपर्यंतचा रिपोर्ट बघून रडू नये आणि नाचूही नये.

थायरॉईडच्या तक्रारी बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी पट जास्त असतात. आपल्याकडे मोठं कारण हाशिमोटोंच्या नावाचं: शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच ग्रंथीवर चालून जाते. हाकारू हाशिमोटो हे जपानी शल्यचिकित्सक. त्यांनी १९१२ मध्ये चार रुग्णांच्या ग्रंथींचं वर्णन एका जर्मन नियतकालिकात छापलं. चारही बायकाच. पुढे ते आपल्या गावी परतले, घरचा दवाखाना चालवला आणि १९३४ मध्ये टायफॉईडने गेले. आपलं नाव जगभरातल्या बायकांच्या फायलींत लागणार आहे, हे त्यांना कळलं नाही. ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात सापडली १९५६ मध्ये. ती शोधणाऱ्यांत डेबोरा डोनियाक ही बाई होती, हे वाचून मला उगीचच बरं वाटलं. रिपोर्टात अँटी-टीपीओ म्हणून जी ओळ असते ती त्याच घराण्यातली.

त्याआधीच्या बायकांचं काय होत असेल? १८९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे या डॉक्टरांनी सुजलेल्या, सुस्तावलेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला आणि ती उठून कामाला लागली. पुढे ती अठ्ठावीस वर्षं जगली. तेवढ्यासाठी ८७० च्या वर मेंढ्या खर्ची पडल्या म्हणतात. पुढच्याच वर्षी फॉक्स नावाच्या डॉक्टरांनी सुईही टाळली. मेंढीची अर्धी ग्रंथी हलकी परतून, बारीक करून, आठवड्यातून एकदा जेलीबरोबर खायला दिली. हे मी आमच्या शाकाहारी मावशीला सांगितलं, तेव्हापासून ती आपल्या पन्नास मायक्रोग्रॅमच्या गोळीकडे अतिशय प्रेमाने बघते.

ही गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही, साधं पाणी सोडून. मराठी घरात सकाळी सव्वासहाला चहाशिवाय अर्धा तास म्हणजे तपश्चर्याच. कॉफीने तर गोळी शोषली जाण्यात अडथळा येतो हे पक्कं आहे. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब ठेवायच्या. हा अर्धा तास बाईने स्वस्थ बसून काढावा असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती त्यात इतरांचा चहा करते, डब्याची कणीक मळते आणि कुकर लावते. चतुर्थीला गोळीने उपास मोडतो का, हा प्रश्नही दर महिन्याला येतो. आमच्या डॉक्टरीणबाईंचं उत्तर ठरलेलं आहे: गोळीने मोडत नाही, पण गोळीवर लगेच दुधाचा ग्लास आणि साबुदाण्याची खिचडी घेतलीत तर गोळी मोडते.

बाकी शास्त्रार्थ व्हॉट्सॲपवर चालतो. कोबी-फ्लॉवर घरातून हद्दपार झाले आहेत. शिजवलेला कोबी बेताने खाल्ला तर सहसा बिघडत नाही, हे कुणाला पटत नाही. त्याच वेळी आयोडीनयुक्त मीठ काढून सैंधव मात्र आणलं जातं. वजनाचा सगळा दोष थायरॉईडवर घालायची पद्धतही सोयीची आहे. कमी थायरॉईडमुळे वाढणारं वजन बहुधा दोन-पाच किलोंचं, त्यातही बरंचसं पाणी. उरलेल्याचा हिशेब फराळाच्या डब्याला विचारावा लागतो.

सगळ्यात नामी गोष्ट केसांची. थायरॉईडने केस गळतात, म्हणून बाई दुकानातून बायोटिनच्या गोळ्या आणते. आणि बायोटिनचा मोठा डोस काही यंत्रांच्या तपासणीत घोळ घालतो. टीएसएच खोटा कमी, टी-फोर खोटा जास्त, आणि धडधाकट बाई कागदावर भलत्याच आजाराची. तपासणीआधी दोन-तीन दिवस ती गोळी बंद ठेवली की भागतं, पण डॉक्टरांना सांगायला हवं. आपण सांगत नाही, कारण केसांचं ते औषध कुठे!

एका बाबतीत मात्र हसून चालत नाही. गर्भार बाईच्या पोटातल्या बाळाला सुरुवातीचे महिने आईच्याच संप्रेरकावर काढायचे असतात. गोळी चालू असलेल्या बाईला या काळात पाव ते निम्म्याने जास्त डोस लागू शकतो, म्हणून दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टर गाठायचे. तिची टीएसएचची मर्यादाही वेगळी असते. सत्तरीतल्या आजींचा आकडा जरा वर असणं स्वाभाविक असतं. रिपोर्टावर छापलेली चौकट मात्र बहुतेकदा दोघींना एकच.

चौकटीच्या काठावर बसलेल्यांची पंचाईत निराळी. टीएसएच साडेपाच, टी-फोर ठीक. असा आकडा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासला तर कधीकधी आपोआप खाली आलेला असतो. दिवसभरातही तो हलतो, रात्री चढतो, दुपारी उतरतो. म्हणून दर वेळी साधारण एकाच वेळेला रक्त द्यावं.

शेजारच्या काकूंचा तर आला २.१. टी-फोर उत्तम, हिमोग्लोबिन बारा. काकांनी रिपोर्ट मोठ्याने वाचला, "बघ, काहीसुद्धा झालेलं नाही," म्हणाले आणि चष्मा काढून चहा मागितला. काकूंचा चेहरा पडला. रोज पहाटे पाचला उठायचं, सासऱ्यांच्या डायपरपासून नातवाच्या शाळेपर्यंत सगळं ओढायचं, आणि कागदावर बाण म्हणून एकही नाही. दुसऱ्या दिवशी सॅम्पल न्यायला येणारा मुलगा समोरच्या घरी आला होता. काकूंनी त्याला दारातच अडवलं.

"काय रे, दमण्याची डायरेक्ट टेस्ट नाही का तुमच्याकडे?"

त्याने बॅगेतून रेटकार्ड काढून दोन्ही बाजू नीट वाचल्या. "सुटी नाही काकू," तो म्हणाला, "फुल बॉडीत येते का विचारून सांगतो."