नंबर टाकला का?

शिरूरमध्ये खाली कृषी सेवा केंद्र आणि वर सॉफ्टवेअरचं ऑफिस अशी जागा दिसली, तर जिना चढण्याआधी आपलं काय काम आहे ते मनात चार ओळींत जुळवून घ्या. वर जो माणूस भेटेल तो 'या, बसा' म्हणायच्या आधी विचारणार, "नंबर टाकला का?" टीम चार-पाच जणांची, सगळे एकमेकांना घरापासून ओळखतात, तरी गळ्यात आयकार्ड फक्त याच्या. पोरं त्याला टीसी म्हणतात. तो दौंडचा, रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेला. त्यामुळे हा टोमणा आहे हे त्याच्या लक्षात आलेलं नाही. त्याला ती बढती वाटते.

असा माणूस दोन ठिकाणी घडतो. पहिलं ठिकाण दौंड जंक्शन. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावेपर्यंत अख्खी गाडी मुकाट उभी राहते, हे दृश्य लहानपणी पाहिलेलं. आता कॉर्ड लाईन झाल्यामुळे काही गाड्या दौंड स्टेशनात न शिरताच निघून जातात, याचं त्याला मनापासून वाईट वाटतं. दुसरं ठिकाण रांजणगाव एमआयडीसी. तिथं त्यानं क्वालिटीत नोकरी केली आणि जपान्यांचं 'पाच वेळा का विचारा' हे तंत्र अंगात भिनवून घेतलं. ऑफिसात चहा आला नाही तरी तो सुरू होतो. चहा का नाही? दूध नासलं. का नासलं? फ्रिज बंद. फ्रिज का बंद? लाईट नाही. लाईट का नाही? गुरुवार आहे. गुरुवारच्या पलीकडे आजवर त्याला जाता आलेलं नाही, पण नोंद आहे.

आमच्या ऑफिसचं सॉफ्टवेअर दूध संकलन केंद्रांसाठी: लिटर, फॅट, एसएनएफ, दर, आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार. टीसी यायच्या आधी तक्रारींची व्यवस्था म्हणजे एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यात सकाळी रांजणगावच्या महागणपतीचं दर्शन, मग कुणाचा तरी वाढदिवस, आणि दोन्हींच्या मध्ये केंद्राच्या सचिवाचा व्हॉइस मेसेज. त्यात निम्मा आवाज म्हशीचा. ज्यानं ऐकला त्यानं वाटलं तर दुरुस्त करायचं, आणि अंगठा दाखवला की काम झालं. कुणाचं झालं, काय झालं, विचारायचं नाही. खरं सांगायचं तर बरं चाललं होतं.

टीसीनं पहिल्याच आठवड्यात संगणकावर फलक उघडला आणि फतवा काढला: प्रत्येक तक्रारीचं त्यावर नंबर घातलेलं तिकीट हवं, नंबर नसेल तर ती तक्रार नाही. सचिवांचे फोन तो स्वतः घेऊ लागला.

"साहेब, फॅट दिसंना."

"अण्णा, पहिल्यापासून पायऱ्या सांगा."

"पायऱ्या कुठल्या? केंद्र तळमजल्याला हाय आमचं."

नव्या पोरानं कुरकुर केली की त्याला 1947 सालची गोष्ट ऐकावी लागते. हार्वर्डच्या मार्क टू यंत्रात पतंग अडकला, तो काढला आणि चिकटपट्टीनं नोंदवहीत लावून ठेवला. ती वही अजून अमेरिकेतल्या संग्रहालयात आहे. गोष्ट खरी आहे. तात्पर्य टीसीचं स्वतःचं: "किडा काढला याला किंमत नाही रे. चिकटवला, याला आहे." मग 1998 चं बगझिला, 2002 चं जिरा, अशी तक्रारी नोंदवायच्या सॉफ्टवेअरांची वंशावळ सुरू होते. तेवढ्यात पोरगं खाली जाऊन भेळ खाऊन येतं.

मग एआय आलं, आणि टीसीला वाटलं आपला काळ आला. 2025 च्या मे महिन्यात गिटहबनं कोपायलट या एआय एजंटाला थेट इश्यू, म्हणजे तिकीट, सोपवण्याची सोय जाहीर केली, त्या दिवशी तो वडिलांना फोन करून म्हणाला, "आता तिकिटाचं काम एजंट करतो." रेल्वेतून रिटायर झालेले वडील म्हणाले, "एजंट कशाला? खिडकीवर जा की."

वडिलांचं ऐकायला हवं होतं. सचिव 'फॅट दिसंना' एवढंच बोलले होते. एआयनं त्याचं पानभर तिकीट केलं: पार्श्वभूमी, व्याप्ती, जोखीम, स्वीकृतीचे निकष. मूळ वाक्य तेवढं कुठे सापडेना. एका रात्री पोरांनी एआयला सगळा कोड तपासायला लावला. सकाळी फलकावर तिकिटांची रांग, त्यातली निम्मी एकमेकांची जुळी भावंडं आणि प्रत्येकावर 'अत्यंत तातडीचं'. वर कहर म्हणजे बरीचशी त्यानंच सोडवून, त्यानंच बंद करून, शेवटी हिरवी खूणही करून ठेवलेली. इतका कामसू आणि इतका बेभरवशाचा गडी टीसीनं रांजणगावातसुद्धा पाहिला नव्हता.

पण माणूस खमक्या. त्यानं नियम बसवले आणि प्रकल्पाच्या सूचना-फाइलीत लिहून टाकले, म्हणजे यंत्र कामाला बसतानाच ते वाचेल. तिकीट चारच ओळींचं. काय झालं, काय व्हायला हवं होतं, कसं करून दाखवायचं, आणि असं का ठेवलंय. नवं तिकीट उघडण्याआधी जुनी शोधायची. कोडमधल्या प्रत्येक बदलावर तिकिटाचा नंबर. एजंटानं तिकीट उघडावं, कोड लिहावा, पण बंद करायचं ते माणसानं, तेही सचिव 'हां, आता बरोबर' म्हणाल्यावर.

चौथ्या ओळीवर सगळे हसले. 'असं का ठेवलंय' हा काय रकाना झाला?

झालं असं, की दूध तपासायचं यंत्र फॅट 3.45 दाखवतं. एका केंद्राचं दूध ज्या शीतकरण केंद्रात जातं तिथं दुसरा आकडा सोडून देतात, 3.4 धरतात. आमच्या सॉफ्टवेअरनं शाळेत शिकवल्याप्रमाणे 3.5 केलं, तर गवळ्याला 3.5 चा दर द्यायचा आणि वरून 3.4 चा घ्यायचा. मधला फरक सचिवाच्या खिशातून. म्हणून तिथं आकडा मुद्दाम खाली धरला होता. एका पोरानं काहीतरी वेगळंच काम एआयला सांगितलं. त्यानं जाता जाता हे पाहिलं, 'पूर्णांकनातली चूक सुधारली' असं अभिमानानं लिहिलं आणि 3.5 करून टाकलं. पगाराच्या दिवशी सचिवांचा फोन आला, त्यातले शब्द फलकावर नोंदवण्याजोगे नव्हते. पोरानं विचारल्यावर एआय म्हणालं, तुमचं अगदी बरोबर आहे, आणि क्षमा मागून परत 3.4 केलं. दुसऱ्या दिवशी एआयची नवी बैठक, कोरी पाटी. त्यानं तीच चूक पुन्हा सुधारली.

त्या संध्याकाळी टीसी काही बोलला नाही. त्यानं तिकीट उघडलं, चौथ्या ओळीत लिहिलं, 'चूक नाही, मुद्दाम आहे. शीतकरण केंद्र खाली धरतं. सचिवांना विचारल्याशिवाय हात लावू नये,' आणि कोडमध्ये त्या ओळीच्या डोक्यावर तिकिटाचा नंबर ठोकला. 3.45 दिलं तर 3.4 च आलं पाहिजे अशी एक चाचणीही लावली. तेव्हापासून एआय तिथवर येतं, नंबर वाचतं आणि बाजूनं निघून जातं. इतका मान त्याला टीममध्ये कुणी देत नाही.

विजयानं माणूस बिघडतो तसा तोही बिघडला. तिकिटांचे त्यानं तीन वर्ग ठरवले: 'आत्ता', 'पगाराच्या आधी' आणि 'दिवाळीनंतर'. कुठली दिवाळी ते लिहायचं नाही. मी एकदा खुर्ची मोडल्याचं सांगितलं, तर म्हणाला, बसून दाखव. मी बसलो. खुर्ची खरोखर मोडली होती.

मग त्यानं घरचा फलक सुरू केला आणि दौंडला आईच्या मोबाइलवर टाकून दिला. आईचं पहिलं तिकीट नळ गळण्याचं. टीसी रविवारी घरी उशिरा उठला, नळाखाली हात धरून पाहिला. पाणी सकाळीच येऊन गेलेलं. त्यानं शेरा मारला, 'करून दाखवता आलं नाही,' आणि तिकीट बंद केलं.

दुपारी ते पुन्हा उघडलं गेलं. काय झालं: नळ गळतोय. काय व्हायला हवं होतं: गळायला नको. कसं करून दाखवायचं: सकाळी सहाला ऊठ. असं का ठेवलंय: तुझं तुलाच विचार.