बिनस्वराचा भाचा

आमच्या ताईचा मुलगा डोंबिवलीत राहतो आणि इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. दिवसा तो एका विमा कंपनीत आकडे बघतो. रात्री जेवण झालं की बेडरूमचं दार आतून लावतो आणि कलावंत होतो. कलावंत म्हणून त्याचं नाव वेगळं आहे. इंग्रजी पाच अक्षरं, पण त्यात एकही स्वर नाही. "गाण्यातसुद्धा नाही," असं भाऊजींचं मत.

मी पेटी वाजवतो, त्यामुळे या घरात त्याला समजून घेणारा माणूस मीच, अशी त्याची समजूत आहे. मी गेलो की पोहे संपायच्या आत लॅपटॉपसमोर बसवतो. "मामा, हा बघ नवा सिंथ." बघतो तर पडद्यावर पन्नासेक बटणं आणि पट्टीच्या चार कोपऱ्यांत चार स्क्रू.

"हे स्क्रू कशाला रे?"

"त्याशिवाय खरं वाटत नाही."

वाद्याला लाकूड नाही, भाता नाही, तार नाही. सगळा आवाज म्हणजे गणित. सेकंदाला ४४,१०० आकडे. दिवसभर आकडे बघून दमलेला पोरगा विरंगुळा म्हणून रात्री तेच करतो, आणि गणित फार झालं की लॅपटॉपचा पंखा असा घोंघावतो की ताई स्वयंपाकघरातून ओरडते, "गिरणी बंद कर!"

पण तो शिकवतो मात्र छान. फिल्टर म्हणजे काय, हे मला त्यानं एका वाक्यात सांगितलं. "एखादा माणूस गोधडीत तोंड खुपसून गातोय आणि आपण गोधडी हळूहळू ओढतोय, असं समज." एकच स्वर सात वेळा घ्यायचा आणि प्रत्येक वेळी केसभर वर किंवा खाली सरकवायचा, की आवाज भरदार होतो. याला डिट्यून म्हणतात. गेल्या गणपतीत आरतीला पंचवीस माणसं पंचवीस पट्ट्यांत टिपेला पोचली, तेव्हा माझ्यातला पेटीवाला कानावर हात ठेवत होता आणि हा डोळे मिटून पुटपुटत होता, "काय डिट्यून आहे!"

असे चौतीस सिंथ त्याच्याकडे आहेत. काही विकतचे, काही फुकटचे. यामाहाच्या १९८३ सालच्या डीएक्स-७ची डेक्स्ड नावाची फुकट नक्कल आहे. २०२० मध्ये आलेलं व्हायटल आहे, त्याचीही फुकट आवृत्ती मिळते. फुकट मिळालं म्हणून त्यानं घेतलं आणि मग त्यात भरायला तयार आवाजांचे संच विकत आणले. नोव्हेंबरात परदेशी कंपन्यांचे सेल लागतात, ती त्याची खरी दिवाळी. सिंथ आला की पंधरा दिवस आवाज शोधायचे, मग आठ मात्रांचा तुकडा बांधायचा आणि तोच रात्रभर गोल गोल ऐकायचा. मुखडे शंभर, अंतरा एकाचाही नाही.

त्याचं दैवत चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या या माणसानं १९८२ मध्ये मुंबईत रोलँडची यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले. तेव्हा त्या तबकडीला फारसं कुणी विचारलं नाही. पुढे त्यातल्याच टीबी-३०३ या यंत्रावर शिकागोच्या पोरांनी ॲसिड हाऊस उभं केलं आणि २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा जग चकित झालं. ही कथा सांगताना भाच्याचा गळा दाटतो. एकदा मी विचारलं,

"त्यांच्याकडे मुख्य यंत्रं किती होती?"

"तीन."

"आणि राग?"

"दहा."

"तुझ्याकडे सिंथ चौतीस. गाणी किती?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, त्या काळी अपडेट येत नव्हते."

तरी यंदा एक गाणं पुरं झालं. आवाज सगळीकडे नीट वाजतो का, हे तपासायला लोक गाडीत गाणं लावतात. याच्याकडे गाडी नाही. म्हणून त्यानं स्टेशनवरून रिक्षा केली आणि मागच्या स्पीकरवर गाणं लावायला सांगितलं. मिनिटभरानं रिक्षावाला म्हणाला, "दादा, नेटवर्क गेलंय वाटतं." भाचा म्हणाला, "तो बिल्डअप आहे."

एका शुक्रवारी गाणं जगभर प्रकाशित झालं. डोंबिवलीपासून टोकियोपर्यंत कुणालाही ऐकता येईल, अशी सोय झाली. कुणी ऐकलं नाही, एवढंच. मग त्यानं घरात नियम समजावून सांगितले. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एकदा ऐकल्याची नोंद होते. वर्षाला हजार नोंदी झाल्याशिवाय पैसा मिळत नाही. भाऊजींनी पेपर वर केला. ताई मात्र लक्ष देऊन ऐकत होती.

महिन्यानं आकडा चारशेवर गेला. भाचा हवेत. "मामा, श्रोते वाढतायत! सगळे सकाळी नऊ ते अकरा ऐकतात. बहुतेक युरोपात पहाटे नाचत असतील."

त्याच आठवड्यात मी सकाळी दहाला ताईकडे गेलो. भाचा ऑफिसला गेलेला. ताई भाजी निवडत होती आणि शेजारी फोन गुंगुं करत होता. एकतीस मोजून झाले की ती ओल्या करंगळीनं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायची.

"त्याला सांगू नकोस हं," ती म्हणाली.

"नाही सांगत. पण गाणं कसं आहे गं?"

ताईनं गवारीची शेंग मोडली. "आवाज चांगला आहे रे. पण गाणं सुरू कधी होतं?"

ते मला माहीत होतं. एक मिनिट बारा सेकंदांनी गोधडी निघते.