मोसम बघून निघा

युरोपला कधी जावं, हे बदलापुरात सगळ्यांना तोंडपाठ. ट्यूलिप बघायचे तर एप्रिल, कारण हॉलंडची केउकेनहॉफ बाग मेच्या मध्यावर बंद होते. स्वित्झर्लंडला गर्दी नको तर सप्टेंबर. जातात मात्र सगळे मेच्या शेवटीच. अर्धा मोसम मुलांची शाळा ठरवते, उरलेला ऑफिसातला साहेब. मग भर उन्हाळ्यात उल्हासनगरच्या दुकानात पंख्याखाली उभं राहून, एका हाताने घाम पुसत माणूस जाड जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून बघतो. ‘थोडं सैलच द्या, आत थर्मल येणारेय.’

घराजवळचं गणित याहून अवघड. कोंडेश्वरच्या धबधब्याला पाणी आलं की जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेशही येतो; बंदी उठते तोवर पाणी गेलेलं. (बंदी रास्तच आहे, तिथे जीव गेलेत.) अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, बारमाही उघडं, म्हणून आपल्याला ते आठवतं महाशिवरात्रीला.

आणि ज्यांना भर पावसात नौकाविहार हवा, त्यांच्यासाठी रेल्वे आहेच. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून हजारावर प्रवासी सुखरूप काढले, त्यासाठी बोटी आणाव्या लागल्या. तिकीट कोल्हापूरचं होतं.