झेंडूच्या माळेआडची मोटारसायकल

अहो, कळलं का तुम्हाला? आमच्या कुंपणापलीकडच्या वहिनींच्या घरात मोटारसायकलीवरून भाऊबंदकी पेटली आहे. आणि मोटारसायकल कुठे आहे म्हणाल, तर फक्त फोटोत.

झालं असं की वहिनींच्या नागपूरच्या धाकट्या दिरांनी घरच्या ग्रुपवर एक जुना फोटो टाकला. फोटोत वहिनींचे सासरे मोटारसायकलवर बसलेत, बाजूला सासूबाई, सासूबाईंच्या कडेवर थोरल्या वन्सं. हँडलवर झेंडूची ही जाड माळ, पार पुढच्या नंबर प्लेटपर्यंत लोंबलेली. खाली भाऊजींचा मजकूर : "बाबांची बुलेट, सुपेला, भिलाई, 1958. ही गाडी कोणी विकली आणि पैसे कुठे गेले, ते मोठ्यांनी सांगावं." मोठे म्हणजे आमच्या वहिनींचे यजमान. ते बिचारे देवाघरी गेले, तेव्हा उत्तर द्यायचं वहिनींनी.

"काहून असं बोलतात जी लोक?" वहिनी मोबाइल घेऊन कुंपणाशी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा सायकलीशिवाय काही नव्हतं, ताई."

आता भाऊजींना ही उपरती आत्ताच का झाली, तेही सांगते. 2021च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांचा नियम काढला. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपात राहिलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, नोंदणीला 20 हजार लागतात. हे भाऊजींच्या कानावर गेलं. जुन्या गाड्यांना भाव आला म्हटल्यावर वडिलांची आठवण दाटून आली. गाडी नाही, कागद नाही, पण हिस्सा पाहिजे!

मी म्हटलं, वहिनी, आधी गाडी कोणती ते तर बघू द्या. माझ्या माहेरी वर्ध्याला मोटारसायकल होती, सायलेन्सरचा चटका लहानपणी पोटरीला बसलेला आहे, त्यामुळे मला त्यातलं थोडंफार कळतं. पण मी चष्मा लावेपर्यंत समोरच्या गल्लीतले काका हजर. काका इथल्या पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून रिटायर झालेत आणि जगातली कुठलीही वस्तू रशियाशी जोडून दाखवतात. फोटो बघितला न बघितला आणि म्हणाले, "रशियन गाडी आहे ही. उरल! दोन पाइप दिसतात ना? म्हणजे दोन सिलिंडर. रशियन इंजिनियर जाताना देऊन गेला असेल. विश्वकर्मा पूजेचा फोटो आहे."

काकांचं अगदीच चूक म्हणता येत नाही. भिलाईत राहून रशियन आठवणार नाहीत तर काय? 1955च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी या कारखान्याचा करार झाला, 4 फेब्रुवारी 1959ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली धमनभट्टी सुरू झाली. पण उरल ओळखायला चष्मासुद्धा लागत नाही. तिचे दोन सिलिंडर इंजिनाच्या दोन्ही बाजूंना आडवे बाहेर आलेले असतात, कमरेवर हात ठेवून भांडायला उभ्या असलेल्या बाईच्या कोपरांसारखे. आपल्या फोटोतला सिलिंडर एकच, उभा. आणि त्या एकाच सिलिंडरच्या पुढून दोन पाइप निघून एक इकडे, एक तिकडे गेलाय. पाइप मोजून सिलिंडर ठरवायला गेलं की असं फसायला होतं. एका सिलिंडरला धूर सोडायची दोन तोंडं असलेल्या गाड्याही होत्या.

विश्वकर्मा पूजाही बाद. ती 17 सप्टेंबरला. फोटोत सीटवर पानं ठेवलीत, ती दोन पाकळ्यांची, आपट्याची. म्हणजे दसरा. काकांनी मान हलवली आणि मग राजदूतवर आले.

राजदूतचा विचार करायला हवा होता, कारण ती छत्तीसगडच्या गावोगावी चालली. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सनी पोलंडच्या एसएचएल गाडीवरून 1962च्या सुमाराला ती काढली. पण सुरुवातीच्या राजदूतचं पुढचं चाक एका आडव्या दांड्यात धरलेलं असायचं, तो दांडा चाकाच्या मागच्या बाजूला फिरकीवर बसलेला. सायलेन्सर एकच. आपल्या फोटोत पुढे सरळ दोन नळ्यांचा फोर्क आहे आणि सायलेन्सर दोन. राजदूत गेली.

राहिली बुलेट. ती सोडायला नागपूर तयार नाही. बुलेटचं घराणं मोठं आहे हे खरं. भारतीय लष्कराला सरहद्दीवर गस्तीसाठी हवी म्हणून ती आली आणि 1955मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. तेव्हापासून लोकांनी प्रत्येक जुन्या मोटारसायकलला बुलेट म्हणायचं ठरवलंय. पण बुलेटच्या मोठ्या दिव्याच्या दोन्ही अंगांना दोन बारके दिवे असतात, डोळे मिचकावल्यासारखे. इथे ते नाहीत. बुलेटचं चाक 19 इंची, उंच. या फोटोतली चाकं ठेंगणी, गुबगुबीत. चेन तर कुठे दिसतच नाही, पूर्ण डबीत बंद. आणि टाकीच्या बाजूला चकचकीत क्रोम, त्यावर गुडघा टेकायला रबराचा तुकडा.

मी म्हटलं, वहिनी, ही जावा आहे.

"दोन जावांच्या भांडणात जावा!" काका म्हणाले. हा विनोद ते करणारच होते, झाला एकदाचा.

वहिनींनी लगेच ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत नागपूरहून पुतण्याचं उत्तर : "काकू, जावा कंपनी 2018ची आहे." पोट्ट्याला दोष देत नाही मी. जावा नाव 2018मध्ये परत आलं, नव्या गाड्या पिथमपूरला बनायला लागल्या, त्याच्या पिढीला तेवढंच ठाऊक. मूळ जावा चेकोस्लोव्हाकियाची. आपल्याकडे आधी ती बाहेरून यायची, मग इराणी मंडळींनी म्हैसूरला 'आयडियल जावा' काढली आणि 1961पासून गाड्या तिथेच बनू लागल्या. 250 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. माझे बाबा पंपावर उभे राहून टाकी हलवायचे ते मिसळण्यासाठीच. 1973नंतर याच गाड्यांना येझदी नाव मिळालं, 1996मध्ये कारखाना बंद पडला. अजूनही जुलैचा दुसरा रविवार जावा-येझदीवाले आपला दिवस म्हणून पाळतात, गाड्या घेऊन जमतात, धूर करतात.

पण पुतण्या हुशार निघाला. त्याने फोटो मोठा करून पाठवला आणि एका ठिकाणी लाल गोल केला. "जावाचा गिअर डावीकडे असतो. इथे उजवीकडे आहे. जुन्या बुलेटचाच गिअर उजवीकडे असतो. सो, बुलेट."

इथे मात्र मी गप्प झाले. कारण त्याचं बरोबर होतं. जावाची खूणच ती. डावीकडे एकच दांडी, तीच गिअर आणि तीच कीक. आत दाबून वर फिरवली की कीक होते. फोटोत तशीच दांडी होती, पण उजव्या अंगाला. दोन सायलेन्सरची, ठेंगण्या चाकांची, उजव्या गिअरची अशी गाडी मी तरी पाहिलेली नाही.

गाठ सोडवली वहिनींनी. त्या कधीच्या सासूबाईंकडे बघत होत्या. म्हणाल्या, "सासूबाईंचा पदर उजव्या खांद्यावर कसा काय?"

बघितलं तर खरंच. आता गुजराती पद्धतीत पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो, आपल्या गल्लीत तशा नेसणाऱ्या आहेतच, पण या तर काटोलकडच्या. नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावरच जायचा. मग सासऱ्यांच्या सदऱ्याकडे पाहिलं. खिसा उजव्या छातीवर, त्यात पेन. पुरुषाच्या सदऱ्याला खिसा डावीकडे असतो, हे धोब्यालाही ठाऊक. म्हणजे फोटोच उलटा छापलेला! स्टुडिओत मोठी प्रत काढताना निगेटिव्हची बाजू चुकली की असं होतं. नंबर प्लेट किंवा टाकीवरचं नाव दिसत असतं तर अक्षरं उलटी दिसून कुणाच्याही लक्षात आलं असतं. दोन्ही झेंडूने झाकलं होतं.

मोबाइलवर फोटो उलटवला. पदर डावीकडे, खिसा डावीकडे, दांडी डावीकडे. जावा. काकांनीसुद्धा ऐकून घेतलं.

पुतण्यांनो, भाच्यांनो, एक सांगू? गाडी ओळखायला बसलात की सगळा वेळ गाडीकडेच बघत बसता. माणसांकडे बघा. गाडी बनवणाऱ्याने दहा वर्षं तोच साचा वापरलेला असतो, नवा मालक रंग बदलतो, आरसे बदलतो. कडेवरचं मूल मात्र एकाच वर्षी तेवढं असतं. थोरल्या वन्संचा जन्म 1963च्या फेब्रुवारीतला. फोटोत त्या धड बसूही शकत नाहीत, आईने पाठीला हात लावून धरलंय. म्हणजे दसरा 1963चा. भाऊजींचं 1958 कुठून आलं, तर सासरे त्या साली भिलाईला आले म्हणून. नागपूरकर तेव्हा असेच यायचे. 1956च्या नोव्हेंबरपर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात, राजधानी नागपूर. राज्य बदललं तरी मुंबई-हावडा लाइन तीच. कारखान्यात भरती निघाली की सकाळी गाडीत बसायचं.

एवढं झालं तरी मुद्दा उरलाच : जावा तर जावा, बाबांचीच ना? विकली कोणी?

मी फोटो पुन्हा बघितला आणि मला हसू आलं. सासऱ्यांच्या उजव्या पायाला, घोट्याशी पँटवर, सायकलची क्लिप. आजच्या पोरांना क्लिप म्हणजे केसांची. तेव्हा पॅंटचा पायचा चेनमध्ये अडकू नये म्हणून उजव्या पायाला पत्र्याचं कडं लावायचे, कारण सायकलची चेन उजवीकडे असते. फोटो उलटा होता तेव्हा ती डाव्या पायाला दिसत होती आणि आम्ही कुणी बघितलीच नाही. आता मला सांगा, जावाची चेन पूर्ण डबीत बंद. त्या गाडीवाल्याला क्लिप कशाला हवी? हा माणूस सायकलने आलाय, क्लिप काढायचं विसरलाय आणि दुसऱ्याच्या मोटारसायकलवर फोटोपुरता बसलाय. गाडीही मेन स्टँडवर उभी आहे, मागचं चाक जमिनीला टेकलेलं नाही.

आणि कोपऱ्यात बघा. एक अर्धा खांदा आणि हात. हाताच्या मुठीत किल्ली. स्टुडिओवाल्याने कापून टाकलेला तो खरा मालक!

वहिनींना आठवलं. सासूबाई सांगायच्या, दसऱ्याला सोनं द्यायला म्हैसूरच्या गाडीवाले भाऊजी यायचे, रेल्वे फाटक बंद असलं की पलीकडूनच हॉर्न वाजवायचे. नाव काही सासूबाईंनी सांगितलं नाही, तेव्हा नाव घ्यायची पद्धत नव्हती. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरात राहायचे एवढंच.

हे सगळं मी वहिनींना ग्रुपवर लिहायला लावलं. क्लिपवर लाल गोल मीच काढून दिला. नागपूरहून त्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी लिहिलं : "मग सायकल कुठे गेली?"

बाप्पा! आता यावर काय बोलणार?

तर तुम्ही जुने भिलाईकर असाल, सुपेल्यातले किंवा फाटकापलीकडच्या सेक्टरातले, आणि तुमच्या घरी झेंडू घातलेल्या जावाचा 1963च्या आसपासचा फोटो असेल, तर एकदा पेटीतून काढा. मागची नंबर प्लेट दिसत असेल तर सोन्याहून पिवळं. चिकटवलेला असेल तर ओरबाडू नका, पुठ्ठ्यासकट आणा, मागे काही लिहिलंय का ते मी बघते. चहा वहिनींकडे आहे.