एकशे अठरा कड्यांचे काका

तुमच्याही सोसायटीत ते असणारच. पार्किंगमध्ये कुणी मोटारसायकल डबल स्टँडला लावून पान्हा हातात घेतला, की जिन्यात चपला वाजतात. भोसरीच्या टूलरूममध्ये उभी हयात गेलेली, खिशात स्टीलची टेप, आणि नमस्काराच्या जागी एकच प्रश्न: "मोजलंस का?"

आमच्याकडच्या एका पोराने जुन्या आरएक्स हंड्रेडला मागचं चाक धरणारा चिमटा लांब बसवला आणि मागचं सॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाकही, मोठं टाकलं. अर्थातच मूळची चेन पुरेना. गाडीत असे फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, हे काकांना तोंडपाठ. "कलम सम आहे, पाळायला हवं," असं म्हणत त्यांनी टेप काढली.

मागचं चाक खाचेत पुढे सारून दोन सॉकेटांच्या केंद्रांमधलं अंतर घेतलं: ५६० मिलिमीटर. चेन ४२८ ची; त्यातला पहिला चार म्हणजे चार अष्टमांश इंच, म्हणजे एक कडी १२.७ मिलिमीटरची. सायकलच्या चेनची कडीही एवढीच असते, हे सांगताना पुणं सायकलींचं होतं तेव्हाच्या गोष्टींत पाव तास गेला. मग अंतराच्या कड्या करून दुप्पट केली, ८८.१९. पुढचे १४ नि मागचे ४२ दाते, त्यांची निम्मी बेरीज २८. दात्यांच्या फरकाला २π ने भागून, वर्ग करून, पुन्हा कड्यांत मोजलेल्या अंतराने भागलं, तेव्हा ०.४५ चं शेपूट निघालं. एकूण ११६.६४.

"म्हणजे एकशे सतरा," पोरगा म्हणाला.

घरात कुणी चपला घालून शिरावं, तसे काका त्याच्याकडे बघत राहिले. "विषम?"

त्यांचं म्हणणं खरं आहे, हेच तर दुखणं. चेनमध्ये एक कडी आतली, एक बाहेरची, अशी जोडीजोडीने जाते. कड्या विषम झाल्या तर दोन्ही टोकं एकाच जातीची येतात आणि जुळत नाहीत. मध्ये वाकडी हाफ लिंक घालता येते, पण ती चेनमधली सगळ्यात कच्ची जागा. "हाफ लिंक घालणाऱ्या माणसाच्या घरी मी पाणी पीत नाही," काका म्हणाले. ११६ ची बसणार नाही, कारण चाक आणखी पुढे सरायला जागाच नाही. म्हणून ११८ आणि चाक सुमारे पावणेनऊ मिलिमीटर मागे.

हे गाडीपुरतं असतं तर सोसलं असतं. लग्नाच्या पाकिटात काका १०१ घालत नाहीत, १०२ घालतात. गणपतीला एकवीस मोदक सांगितले, तर काकू बाविसावा मुकाट्याने वळतात. सप्तपदीत गुरुजी सातव्या पावलाला थांबले तेव्हा नवरदेव आठवं टाकून उभे होते, असंही काकूंनीच सांगितलं. मानाचे गणपती पाच, हा प्रश्न काकांनी दगडूशेठला सहावा धरून मिटवलाय. आणि साडेतीन मुहूर्त? "हाफ लिंक घातलेलं पंचांग!"

नाना पेठेतल्या मेकॅनिकने हिशेबाचा कागद पाहिलासुद्धा नाही. लांब चेन दोन्ही सॉकेटांवरून गुंडाळली, बोटाने ओढली, एका पिनेवर खडूची खूण केली. मोजल्या तर एकशे अठरा. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उत्तर बरोबर आलंय. रीत चुकीची आहे." १८८० साली मँचेस्टरला बुश-रोलर चेन काढणाऱ्या हान्स रेनॉल्डला ते 'रेनॉल्डसाहेब' म्हणतात, त्या दिवशी साहेबांच्या वतीने त्यांना वाईट वाटलं असावं.

पुढे ढिलाई बघायची होती. मागचा ॲक्सल, चिमट्याचा बोल्ट आणि पुढचं सॉकेट एका रेषेत आले की चेन सर्वांत ताठ होते. तिथे थोडा झोल राहिला तरच आमच्या रस्त्यांवरचे खड्डे ती पचवते. म्हणून गाडीवर वजन हवं. वॉचमन बसला. तेवढ्याने भागलं असतं, पण एकटा वॉचमन विषम. ऑफिसच्या कपड्यांत मला मागे बसवलं.

इतका छळ करूनही या माणसावर मनापासून चिडता येत नाही, ही खरी अडचण. पोरं महाबळेश्वरला निघाली तेव्हा त्यांनी न मागता एक पुडी दिली. पसरणी घाटात चेनचं लॉक उडालं. पुडीत दोन लॉकं निघाली. एक का नाही, ते सांगायला नको. पोरांनी फोन आपापल्या बापांना केला नाही, काकांना केला. "पट्टीचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला," एवढंच ते म्हणाले आणि पोरं घाट चढून जाईपर्यंत गॅलरीत येरझारा घालत राहिले. त्यांचा स्वतःचा मुलगा पुण्याबाहेर असतो. त्याची गाडी विजेची. तिच्या मोटरवर चाकच बसवलेलं, चेन नावालाही नाही. मागे इथे आणली होती, तेव्हा काकांनी तिच्याभोवती चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं आणि टेप खिशात ठेवली.

परवा तीन पोरं तीन गाड्यांवर ताम्हिणीला निघाली होती. काकांनी गेटवरच अडवलं. तीन? चालायचं नाही. मागे कुणीतरी चौथा हवाच. आणि काय योगायोग बघा, त्यांच्या हातात हेल्मेट होतं.