मामांचा घाट आणि सरकारचा बोगदा

मुंबई-गोवा महामार्गावरचं अंतर किलोमीटरमध्ये सांगणारा माणूस एकतर नवखा असतो, नाहीतर कंत्राटदार. आम्ही कोकणातली माणसं तासांत बोलतो, आणि तेही ‘माणगाव धरून की सोडून?’ असं आधी विचारून घेऊन. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी ज्यांच्या बारशाचे पेढे खाल्ले, त्या पोरांना मिसरूड फुटली; रस्त्याचं काम मात्र अजून ‘अंतिम टप्प्यात’च आहे. दर श्रावणात पाहणी दौरा निघतो आणि ‘येत्या गणपतीपर्यंत रस्ता खड्डेमुक्त’ असं जाहीर होतं. कुठल्या सालच्या गणपतीपर्यंत, हे विचारायचं नसतं. बाप्पा काय, दरवर्षी येतातच.

यंदा गणपतीच्या आधीच मामांबरोबर निघालो. मामा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. गाव पोलादपूरच्या वर डोंगरात, पण तिकीट काढलं खेडचं.

“मामा, गाव मागे राहील की!”

“राहू दे. गाव कुठं पळतंय? कशेडीचा बोगदा बघायचाय.”

मामा निवृत्त झाले असले तरी त्यांचे पाय अजून नोकरीत आहेत. ड्रायव्हरच्या मागची सीट धरून त्यांनी पनवेलपासूनच पायाखालचा पत्रा दाबायला सुरुवात केली. समोर ट्रक आला की उजवा पाय, चढ लागला की डावा. सोबत सूचना चालूच. “डावीकडनं घे... पुढं जोड खड्डा आहे... हां, आता सोड.” ड्रायव्हर पोरसवदा होता, त्यानं ऐकून घेतलं. कंडक्टरनं मात्र नागोठण्याला विचारलंच, “काका, तिकीट काढलंय ना? मग झोपा की.”

माणगावात बाजार रस्त्यावर भरतो की रस्ता बाजारात, हे ठरायच्या आत गाडी थांबली. चहावाला पोऱ्या गाडीत चढला. आम्ही चहा घेतला. त्याच्याकडे सुट्टे नव्हते. तो खाली उतरला, टपरीवर गेला, तिथंही नव्हते म्हणून पलीकडच्या मेडिकलमध्ये गेला आणि मोजून पैसे आणून दिले. गाडी तसूभरही हलली नव्हती. शेजारच्या आजींनी तेवढ्यात शेंगा सोलून संपवल्या आणि टरफलं टाकायला खाली उतरून परत वर आल्या.

पुढं काँक्रीटचा सरळ रस्ता लागला आणि अख्खी गाडी जागी झाली. झोके थांबले की पाळण्यातलं पोर उठून बसतं, तसं झालं. मामा तर बेचैन. “काहीतरी बिघडलंय,” ते म्हणाले. “आवाजच येत नाही.”

महाड आलं. १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी सर्वांसाठी खुलं व्हावं म्हणून बाबासाहेबांनी इथं सत्याग्रह केला. पावसाळ्यातलं पाणी मात्र कुणाची परवानगी न घेता घरात शिरतं. २०२१च्या जुलैत सावित्री आणि गांधारी दोघी मिळून गावात उतरल्या होत्या. “महाडकरानं ‘घरी या’ म्हटलं तर आधी मजला विचारावा,” मामा म्हणाले, आणि बाजूच्या महाडकरानं हसून दुजोरा दिला, “वरचा आहे, या!”

महाड सोडलं आणि सावित्रीचा पूल आला. बडबडणारे मामा गप्प झाले. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री इथला १९२८ सालचा दगडी कमानीचा पूल पुरात गेला. त्याच्याबरोबर जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि एक तवेरा गेली. चाळीसच्या आसपास माणसं गेली. त्याच मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि पूल सुरक्षित असल्याचं सांगितलं गेलं होतं. मामांनी खिडकीची काच सरकवली, खिशातून दोन नाणी काढली आणि कठड्यावरून पलीकडे टाकली. गाड्या दोन म्हणून नाणी दोन.

पूल संपल्यावर त्यांना कंठ फुटला. “हा नवा पूल एकशे पासष्ट दिवसांत उभा केला. ५ जून २०१७ला उद्घाटन. एकशे पासष्ट! म्हणजे येतं यांना. सगळं येतं. फक्त आधी काहीतरी पडावं लागतं.”

“मग रस्ता का होत नाही?” शेंगावाल्या आजींनी विचारलं.

“रस्ता पडत नाही ना आजी. खचतो. खचण्याला मुहूर्त नसतो.”

पोलादपूरला अर्धी गाडी उतरली. इथून एक वाट आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला चढते, दुसरी कशेडी घाटाकडे. मामांच्या मते खरा ड्रायव्हर पोलादपूरनंतरच कळायचा. रात्रीच्या धुक्यात कशेडी चढवायचा म्हणजे पुढच्या ट्रकचा लाल दिवा हाच देव. गाडीत लिंबं, आवळासुपारी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या हातोहात फिरायच्या. “घाट उतरलो की बायका म्हणायच्या, ‘ड्रायव्हरदादा, सुखरूप आणलंत.’ आता काय म्हणतील? सरळ चालवलीत म्हणून?”

तेवढ्यात आम्ही बोगद्यात शिरलो. सुमारे दोन किलोमीटरचा, जाणाऱ्यांना वेगळा नि येणाऱ्यांना वेगळा. घाटात पाऊण तास खाणारी वाट आता दहाएक मिनिटांची. मामांचे पाय पहिल्यांदाच पत्र्यावर गप्प होते. दाबायला काही नव्हतंच. मध्येच टपकन काचेवर पाण्याचे थेंब पडले. मामा सावरून बसले, वर बघितलं आणि कंडक्टरला हाक मारली. “तक्रारवही आण.”

“काय झालं काका?”

“बोगदा गळतोय.”

“काका, वही एसटीची आहे. बोगद्याची नाही.”

“मग बोगद्याची वही कुणाकडे असते?”

कंडक्टरनं ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे. मी आजींकडे. आजी म्हणाल्या, “खेडला विचारा कुणालातरी.”

“खेडला कशाला? अठ्ठ्याऐंशी वर्षं थांबून मग कळवायचं काय?” मामांनी वही ओढून घेतली, चष्मा चढवला आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या उजेडात गाडी बाहेर पडेपर्यंत ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘वरून पाणी पडते. आताच बघावे. नंतर सांगितले नाही म्हणू नये.’ खाली तारीख, वेळ, सही आणि सहीखाली आपला जुना बिल्ला नंबर. कंडक्टरनं ते वाचलं, थोडा विचार केला आणि ‘तक्रार कोणाविरुद्ध’ हा रकाना तसाच कोरा ठेवून वही मिटली.