पिशव्यांची पिशवी

कापडी पिशवीचे जीवनचक्र कापसाच्या शेतात सुरू होते आणि सत्कार समारंभात पूर्ण होते. शेतात तिला नत्रखत लागते. त्यातून सुटणारा नायट्रस ऑक्साइड किलोला किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापदायक. पुढे सूतगिरणी, माग, रंगाई, ट्रक. शेवटी तिच्यावर हिरव्या शाईत ‘वसुंधरा वाचवा’ छापतात. (शाईचा हिशेब वेगळा.)

ब्रिटनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ ग्रॅमची प्लॅस्टिक पिशवी आणि १८३ ग्रॅमची कापडी पिशवी समोरासमोर ठेवली होती. एकदा वापरून टाकलेल्या प्लॅस्टिकशी कार्बनच्या हिशेबात बरोबरी साधायला कागदी पिशवी ३ वेळा वापरावी लागते, कापडी १३१ वेळा. कागदीचा विषय ओल्या मेथीच्या पहिल्या जुडीलाच मिटतो.

राहिली कापडी. १३१ वेळा म्हणजे आठवड्यातून दोनदा मंडई धरली तर सव्वा वर्ष, तेही एका पिशवीचे. मध्यमवर्गीय घरात दारामागे खिळा असतो, खिळ्याला पिशवी असते आणि तिच्या पोटात मुंज, एकसष्टी, परिसंवाद, ग्रंथप्रकाशन, मधुमेह तपासणी शिबिर अशा ३९ पिशव्या कोंबलेल्या असतात. ४० गुणिले १३१ म्हणजे ५,२४० फेऱ्या, म्हणजे पन्नास वर्षे. एकसष्टीपर्यंत जमलेल्या या चाळीस पिशव्यांची फेड उत्सवमूर्तीने एकशे अकराव्या वर्षापर्यंत मंडईत जाऊन करायची. त्यातून पिशवी मंडईत जाताना घरीच विसरते. मग महाराष्ट्रातल्या २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीला न जुमानता गोणपाटाखालून झबला पिशवी निघते, घरी येऊन कचऱ्याच्या डब्यात बसते, आणि प्लॅस्टिकला दर वेळी असा दुसरा जन्म मिळाला तर त्याच अभ्यासात १३१ चा आकडा ३२७ होतो. खिळ्यावरचे कर्ज वाढतच जाते.

यावरून प्लॅस्टिकला निर्दोष ठरवणाऱ्यांनी थांबावे. तुंबलेले गटार आणि गाईचे पोट यांना कार्बनच्या तक्त्यात रकानाच नाही. पण कोणी मागितलेल्या नसताना हजार पिशव्या शिवून घेऊन, त्यांत सेलोफेनमधला गुच्छ घालून, वर पर्यावरणाचे भाषण ठोकणाऱ्याला कोणत्या रकान्यात घालायचे? त्याला पुढच्या कार्यक्रमाला अध्यक्ष करतात!

जुन्या पँटच्या पायाची पिशवी या तुलनेत कधीच घेतली जात नाही. पँटने स्वतःचा कार्बन दहा वर्षे अंगावर फेडलेला असे. पिशवीच्या वाट्याला फक्त दोरा येई. बंद तुटले की तिचे पायपुसणे होई, तेही विरले की सायकल पुसायचे फडके.